मोटार जळण्याआधी शिजते

कऱ्हाडपासून तासगावपर्यंत, कृष्णेच्या दोन्ही अंगांना, जिथं ऊस आहे तिथं मोटार भरून देणारं एखादं दुकान असतंच. माझं त्यातलंच एक. येणारा प्रत्येक जण तेच सांगतो: "मिस्त्री, काल रात्रीपर्यंत झकास चालली होती, अचानक गेली." अचानक गेलेल्या मोटारी मी फार थोड्या पाहिल्या. बाकीच्या कित्येक महिने आतल्या आत शिजत असतात, काल रात्री फक्त धूर बाहेर आलेला असतो. ही उष्णता येते कुठून आणि जाते कुठं, हे शोधणं म्हणजेच आमचा धंदा. तार भरणं त्यानंतरचं.

१. जळालेलं वाइंडिंग उपसण्याआधी नीट बघावं

घाईनं छिन्नी लावायची नाही. झाकण काढायचं, स्टेटर उजेडात धरायचा आणि कॉइलींची तोंडं बघायची. सगळ्या कॉइली सारख्याच काळ्या असतील तर बोजा जास्त होता, व्होल्टेज कमी होतं, नाहीतर वारा मिळत नव्हता. ठरावीक अंतरानं काळा गट, मग स्वच्छ तांबूस गट, पुन्हा काळा, असं दिसलं तर एक फेज गेला होता आणि मोटार दोन फेजवर कण्हत होती. स्टार जोडणीत अशा वेळी तीनपैकी दोन फेज काळे पडतात, एक कोरा राहतो. डेल्टात उलटं, एक जळतो आणि दोन वाचतात. एकच कॉइल कोळसा आणि शेजारची धडधाकट, म्हणजे तिच्यातले वेढे आपसात चिकटले. खाचेच्या तोंडाशी वितळलेल्या तांब्याचा मणी दिसला, तर तिथं खाचेतला इन्सुलेशनचा कागद फाटला होता.

हे न बघता नवी तार भरली की तीच मोटार त्याच हंगामात परत येते, आणि डीपीवरचा उडालेला फ्यूज राहतो बाजूला, बोल आपल्याला लागतो.

२. प्लेटवरचं एक अक्षर वाचायला शिकावं

१९१० पासून किर्लोस्करवाडी शेजारी असलेल्या या मुलखात शेतकऱ्याला हॉर्सपॉवर आणि हेड तोंडपाठ असतात. इन्सुलेशनच्या वर्गाचं अक्षर मात्र कुणी बघत नाही. ए म्हणजे १०५ अंश सेल्सिअस, ई १२०, बी १३०, एफ १५५, एच १८०. हे तापमान आतल्या सर्वांत तापलेल्या जागेचं, बाहेरच्या बॉडीचं नव्हे. त्या आकड्याला इन्सुलेशन पेट घेत नाही. त्या तापमानाला ते ढोबळमानानं २०,००० तास टिकावं, एवढाच त्याचा अर्थ. अखंड चालवली तर सव्वादोन वर्षं.

खरी गंमत पुढं आहे. वर दहा अंश चढले की आयुष्य निम्मं आणि दहा उतरले की दुप्पट. माँटसिंगर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरानं १९३० साली ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनवरून हा ठोकताळा मांडला, आणि आमच्या बाकावर तो आजही चालतो. म्हणून माल एफ वर्गाचा वापरायचा आणि मोटार बी वर्गाच्या उष्णतेतच ठेवायची. पंचवीस अंशांची ही शिल्लक आयुष्य पाच-सहा पट करते. "एफची भरलीय, आता कितीही दामटा" म्हणणाऱ्याला हा हिशेब कळलेला नाही.

३. हाताला कळतं ते बॉडीचं तापमान

बॉडीवर हात ठेवायचा, चटका बसला की मोटार बिघडली म्हणायचं, ही रीत सोडावी. साठ अंशांच्या वर हात टिकत नाही, आणि चांगल्या मोटारीची बॉडीही तेवढी तापते. उलट पंखा जोरात असला तर बॉडी कोमट आणि वाइंडिंग भाजलेलं, असंही होतं.

तांब्यालाच विचारावं. तापलं की त्याचा रोध वाढतो, आणि हिशेब सोपा आहे: थंड तापमानात २३५ मिळवा, रोध जितक्या पटीनं वाढला त्यानं गुणा, मग २३५ वजा करा. सकाळी तीस अंशांना दोन ओहम होते आणि मोटार बंद केल्या केल्या दोन पूर्णांक सहा दशांश भरले, म्हणजे पट १.३. दोनशे पासष्ट गुणिले १.३, वजा २३५. सुमारे १०९ अंश. हे सरासरी झालं, सर्वांत तापलेली जागा आणखी दहाएक अंश वर धरायची. बी वर्गाच्या मोटारीला हे चालेल, ए वर्गाच्या जुन्या मोटारीला नाही.

४. विजेला अडवणारा कागद उष्णतेलाही अडवतो

धंद्यातली सगळी ओढाताण इथं आहे. तांब्यातली उष्णता लोखंडात गेली पाहिजे, तिथून बॉडीच्या पट्ट्यांत आणि मग वाऱ्यात. मध्ये बसलाय कागद. गिऱ्हाईक म्हणतं, "जाडसर कागद घाला, पैशाकडं बघू नका." जाड कागदानं खाचेतली जागा जाते, तार बारीक घ्यावी लागते, बारीक तार जास्त तापते आणि ती उष्णता जाड कागदातून लवकर निघत नाही. लेदरॉइड असो की मायलरचा थर दिलेला कागद, हवा तेवढाच घालावा. हजारो व्होल्टच्या यंत्रांत जाडीला पर्याय नसतो. म्हणून कोयनेच्या जनित्रांएवढ्या अजस्र यंत्रांत अभ्रकाच्या पट्ट्या लागतात, आणि उष्णता काढून न्यायला खेळवलेला वारा व तो थंड करणारं पाणी.

कागदापेक्षा वाईट इन्सुलेशन म्हणजे तारांमधली अडकलेली हवा. वॉर्निश असतं ते मुख्यतः ती हवा घालवायला. चकाकी हा वरचा फायदा. आधी स्टेटर भट्टीत तापवून ओल काढायची, मग वॉर्निशात बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत उचलायचा नाही. बुडबुडे येतायत म्हणजे आतली हवा अजून निघतेय. मग निथळू द्यायचा, परत भट्टी. वरून ब्रशनं वॉर्निश फासून उन्हात ठेवलेली मोटार दिसते तशीच, पण खाचेतल्या तारा मोकळ्या राहतात, सेकंदाला शंभर वेळा थरथरतात आणि एकमेकींचं एनॅमल खरवडतात. "आज रात्री लाइटीची पाळी आहे, संध्याकाळी द्याच," या एका वाक्यानं आमच्या भागात जितक्या मोटारी मेल्या असतील तितक्या विजेनंही मेल्या नसतील.

जुनी तार काढायलाही आग लावू नये. स्टेटरच्या लोखंडी पत्र्यांच्या मधल्या पातळ थरावर सगळं अवलंबून असतं. ३५०-३७० अंशांपुढं तो थर जातो, पत्रे आपसात जोडले जातात आणि लोखंडच तापायला लागतं. मग वर कितीही भारी तार भरा, मोटार बोज्याविनाही गरम.

५. एच वर्गाची तार म्हणजे एच वर्गाची मोटार नव्हे

गुऱ्हाळाच्या घाण्याची मोटार चुलवाणापासून हाकेच्या अंतरावर असते आणि हंगामात दिवसभर उसंत नसते. मोटारीचे सगळे आकडे भोवतालची हवा चाळीस अंश धरून काढलेले. बी वर्गाचे १३० म्हणजे चाळीस हवेचे, ऐंशी मोटारीनं स्वतः तापायचे आणि दहा तापलेल्या जागेसाठी राखीव. चुलवाणाच्या बाजूला हवाच पंचावन्न झाली की ऐंशीचे पासष्ट उरतात. ऊस तेवढाच घालायचा असेल तर वरचा वर्ग हवाच.

पण भरताना तार दोनशे अंशांची, कागद मात्र नेहमीचा आणि बाहेर काढलेल्या वायरी साध्या पीव्हीसीच्या, असा प्रकार सर्रास चालतो. ती पीव्हीसी सत्तर अंशांची! मोटारीचा वर्ग तिच्यातल्या सर्वांत कच्च्या मालावरून ठरतो. नोमेक्स कागद, फायबर ग्लासची स्लिव्ह, सिलिकॉन रबरच्या वायरी आणि त्या तापमानाचं वॉर्निश, हे सगळं जमलं तरच एच म्हणावं. बेअरिंगमधलं ग्रीससुद्धा विसरू नये, ते आधी पातळ होऊन वाहतं.

एक गुळव्या याहून शहाणा निघाला. त्यानं मोटार भिंतीपलीकडं नेली आणि पट्टा लांब केला. माझं बिल बुडालं.

६. धूळ बघून गाव ओळखता येतं

सांगलीच्या हळदीची मोटार पिवळी, विट्याच्या मागावरची कापसानं पांढरी. रंग कुठलाही असो, पट्ट्यांमधल्या फटी बुजल्या की वारा वरून निघून जातो. ब्रश मारावा, पंख्याची टोपी जागेवर ठेवावी. ड्राइव्ह लावून वेग कमी केला असेल तर मोटारीचा स्वतःचा पंखाही मंदावतो, तिथं वेगळा पंखा लावावा.

७. ऑटो आणि कंडेन्सर

तीन फेजची लाइट आली की ऑटोवर ठेवलेल्या साऱ्या मोटारी एका दमात उचलतात. लाइनच्या शेपटाला ४१५ च्या जागी साडेतीनशे मिळतात. ओढण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे जेमतेम सत्तर टक्के उरते, आणि मोटार उठेपर्यंत कॉइली पाचसहा पट प्रवाह पीत राहतात. ऑटोला दोन मिनिटांचा उशीर लावा, आणि शेजाऱ्यापेक्षा वेगळा लावा. कंडेन्सर घालून दोन फेजवर चालवणाऱ्यांना सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो: तीन फेजच्या व्होल्टेजमध्ये तीन टक्के फरक पडला तरी वाइंडिंगची उष्णता अठरा टक्क्यांच्या आसपास वाढते. तुम्ही तर एक फेजच गाळलाय.

८. पुरातली मोटार लगेच चालू करू नये

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ओसरल्यावर भिलवडी, सांगलीवाडीकडून मोटारी ट्रॅक्टरनं येत होत्या, गाळानं बुजलेल्या. पाणी मोटारीला मारत नाही, ओल्या मोटारीला दिलेली लाइट मारते. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा, रोटर आणि बेअरिंग काढायचं, मग स्टेटर ऐंशी-नव्वद अंशांत हळूहळू वाळवायचा. एकदम तापवला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन इन्सुलेशन फोडते.

इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर लावून बसलं की मजा दिसते. तापायला लागल्यावर आकडा वाढायच्या जागी घसरतो. कारण इन्सुलेशन गरम झालंय आणि ओल पसरतेय. अण्णा लोक घाबरतात, "गेली का हो?" गेली नाही, थांबा. मग काटा एका जागी रेंगाळतो आणि पुढं चढायला लागतो. चढून स्थिर झाल्याशिवाय भट्टी बंद करायची नाही. पुस्तकाप्रमाणं ४१५ व्होल्टला दीड मेगाओहम पुरतो. मी तेवढ्यावर मोटार सोडत नाही.

९. विहिरीतली सबमर्सिबल

जत-आटपाडीकडची बोअरची मोटार पाण्यानं भरलेली असते आणि तिच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असतं, ते फार उष्णता सोसत नाही. तिला थंड ठेवतं ते तिच्या अंगावरून वर जाणारं पाणी. तीच मोटार रुंद विहिरीत सोडली की पंप वरच्या बाजूनं पाणी ओढतो आणि खालच्या मोटारीभोवतीचं पाणी जागचं हलत नाही. चारी बाजूंनी पाणी असून मोटार शिजते. मोटारीवर पाइपाची बाही चढवा, वरचं तोंड पंपाच्या जाळीच्या वरच्या बाजूला बंद करा, खालचं उघडं ठेवा, म्हणजे पाण्याला मोटारीला घासूनच वर यावं लागतं. पाइपाचा हा तुकडा मिरजेच्या भंगारवाल्याकडंही मिळतो.