किल्ला केला, पण पाहणार कोण?

(तृतीय वर्ष, कला शाखा)

दिवाळीची सुट्टी लागली की मावळात घरोघरी किल्ल्याचे काम निघते. दगड, विटा, फुटकी कौले यांचा ढीग रचायचा, त्यावर भिजवलेले गोणपाट अंथरायचे, लाल माती कालवून लिंपायची, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरायची, आणि चार दिवसांनी हिरवे कोंब वर आले की बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे उभे करायचे. इथवरचे काम हौसेचे. खरी तळमळ पुढे सुरू होते. किल्ला पुरा झाला की तो करणाऱ्या मुलाला पाहणारा हवा असतो. येता-जाता ‘छान आहे हं’ म्हणणारा पाहुणा त्याच्या कामाचा नसतो. उकिडवा बसून ‘हे भुयार कुठे निघते रे?’ असे विचारणारा एक जरी भेटला, तरी त्याची दिवाळी साजरी होते.

आज हाच मुलगा मोबाइलवर किंवा संगणकावर किल्ले करतो. प्रस्तुत लेख त्याच्यासाठी आहे.

आपल्या प्राध्यापकवर्गापैकी काहींना हा विषय पोरकट वाटेल, म्हणून दोन शब्दांत खुलासा करतो. व्हिडिओ गेममधील एका टप्प्याला ‘लेव्हल’ किंवा ‘मॅप’ म्हणतात. पूर्वी हे टप्पे कंपनीचे लोक रचत. पण १९८३ साली आलेल्या ‘लोड रनर’ या खेळात खेळाडूला स्वतःची लेव्हल रचण्याची सोय दिलेली होती, आणि खेळाडूंनी रचून पाठवलेल्या लेव्हल घेऊन कंपनीने पुढे एक स्वतंत्र खेळच काढला. १९९३ साली ‘डूम’ आला. त्याच्यासाठी तर पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी मॅप रचण्याची हत्यारे स्वतः तयार केली. म्हणजे वाचकाने लेखक व्हावे, श्रोत्याने कीर्तनाला उभे राहावे, तसा हा प्रकार. यात पोरकट ते काय?

मात्र लेखक वाढले की वाचक वाटले जातात. निन्टेन्डो कंपनीच्या ‘सुपर मारिओ मेकर’ या २०१५ सालच्या खेळात लोकांनी पहिल्या आठ-नऊ महिन्यांतच ७२ लाखांहून अधिक लेव्हल रचल्या, आणि त्या सगळ्या मिळून ६० कोटींहून अधिक वेळा खेळल्या गेल्या. भागाकार केला तर दर लेव्हलला ऐंशीच्या वर खेळ पडतात. पण सरासरी फसवी असते. काही थोड्या लेव्हलवर जत्रा भरते आणि बाकीच्यांच्या अंगणात शुकशुकाट असतो. तीन आठवडे रात्री जागून केलेल्या कामाखाली दोनचा आकडा दिसावा, आणि त्या दोनांतला एक आपलाच चुलतभाऊ असावा, हे दुःख ज्याने भोगले त्यालाच कळेल.

असे का होते? ‘माझे नशीब’ किंवा ‘लोकांना कदर नाही’ ही उत्तरे मला पटत नाहीत. लोहगड आणि विसापूर पाहा. दोन्ही एकमेकांना लागून. विसापूर उंचीने जास्त, विस्ताराने मोठा, तटबंदीही भक्कम. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी विसापूर घेतला आणि लगेच दुसऱ्या दिवशी लोहगड त्यांच्या हाती आला, एवढे त्याचे महत्त्व. तरीही मळवलीला उतरणाऱ्या दहा माणसांत ‘लोहगड कुठे?’ विचारणारेच जास्त. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांतही लोहगड आहे, विसापूर नाही. लोहगडाचा इतिहास मोठा, हे एक कारण आहेच. पण मला दुसरेही एक दिसते. लोहगडवाडीतून पायऱ्या चढू लागले की गणेश दरवाजा समोर येतो. त्यातून आत शिरावे तो वाट वळते आणि वर नारायण दरवाजा खुणावतो. मग हनुमान दरवाजा, मग महादरवाजा. दमलेल्या माणसाला दर वळणावर पुढचे काहीतरी दिसत राहते, आणि ‘आता आलोच आहोत तर तेवढे बघू’ असे म्हणत तो माथ्यावर पोहोचतो. तिथून विंचूकाट्याची लांबलचक सोंड दिसते आणि पाय आपोआप तिकडे वळतात. विसापूरला याउलट वाट झाडीत आणि धोंड्यांत शिरते. माहीतगार बरोबर नसला तर नवखा माणूस अर्ध्यातूनच मागे फिरतो. ही वळणे आणि हे दरवाजे शत्रूला अडवण्यासाठी बांधले, पाहुण्यांना बोलावण्यासाठी नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण ज्या रचनेने शत्रूचा वेग मोडला, त्याच रचनेने आज येणाऱ्याची उत्सुकता टिकते, एवढे खरे.

लेव्हल रचणाऱ्याने हा धडा घ्यावा. अनोळखी खेळाडू तुम्हाला पहिले अर्धे मिनिट देतो, फार तर एक मिनिट. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: कुठे जायचे, काय करायचे, आणि पुढे काहीतरी पाहण्याजोगे आहे. आपल्यातले बहुतेक जण सगळी करामत शेवटासाठी राखून ठेवतात आणि सुरुवातीला नुसती मोकळी जमीन टाकतात. शेवटची करामत पाहायला मग कोणी उरतच नाही.

झाकून ठेवू नये असे मात्र मी म्हणत नाही. कामशेतजवळच्या बेडसे लेण्यात चैत्यगृहासमोरचा कातळ पूर्ण फोडलेला नाही. दोन खडकांमधल्या चिंचोळ्या बोळातून आत जावे लागते, आणि मग एकदम ते उंच, कोरीव खांब अंगावर येतात. ज्याने पाहिले तो विसरत नाही. परंतु त्या बोळाचे तोंड दिसते, म्हणूनच माणूस आत जातो! गुप्त दार ठेवायचेच तर त्याची फट दिसू द्यावी.

आमच्या वर्गातील एका मित्राचे उदाहरण सांगतो. त्याने माइनक्राफ्टमध्ये अख्खा तिकोना उभा केला. पायथ्याचे गाव, चपेटदान मारुती, तळी, माथ्यावरचे वितंडेश्वराचे देऊळ, खाली पवनेचे पाणी, काही म्हणून सोडले नाही. नाव दिले ‘तिकोना फोर्ट फायनल दोन’. आठवडाभरात कोणी फिरकले नाही. मग त्याने त्याच मॅपमधला शेवटचा उभा जिना आणि वरचा दरवाजा एवढाच तुकडा वेगळा काढला, त्यात पावसाळी धुके घातले, आणि नाव दिले ‘दिवस मावळायच्या आत तिकोना चढा’. आमच्या वर्गात आणि शेजारच्या वर्गात तो तुकडा चढाओढीने खेळला गेला, आणि त्यातल्या काहींनी नंतर मोठा मॅपही उघडून पाहिला. जिना तोच, दगड तेच. पहिल्या नावात खेळाडूला काही काम नव्हते, दुसऱ्या नावात होते. नावाबरोबर जे लहानसे चित्र दिसते त्याचेही असेच आहे. संपूर्ण डोंगराचे चित्र मोबाइलच्या पडद्यावर मातीच्या ढेकळासारखे दिसते. एक दरवाजा, एक माणूस आणि उजेड एवढे पुरे.

साधेपणाबद्दल आणखी एक दाखला देण्याचा मोह आवरत नाही. २००० नंतर सायबर कॅफेत ज्यांनी ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळला त्यांना ‘डस्ट’ हा पिवळ्या वाळूचा मॅप तोंडपाठ असेल. तो १९९९ साली डेव्ह जॉन्स्टन या इंग्रज शाळकरी मुलाने रचला. दोन बाजू, मोजक्या वाटा, स्वच्छ ऊन. दोन्ही संघ कुठे समोरासमोर येणार हे पहिल्याच खेळात उमगते. त्याहून गुंतागुंतीचे किती मॅप आले आणि विस्मरणात गेले! आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याने मॅप रानात नेऊन टाकला नाही. जो खेळ लोक आधीच खेळत होते, ज्याच्या कर्त्यांना नव्या मॅपची गरज होती, त्यांच्यापुढे ठेवला. त्याआधीचा त्याचा एक मॅप त्यांनी घेतलेला होता, म्हणजे ओळखही होती. आपल्याकडे किल्ले-स्पर्धेचे परीक्षक ज्या आळीत हमखास येतात, त्या आळीत किल्ला करावा, तशातला हा भाग.

आता सर्वांत अवघड गोष्ट. लेव्हल लोकांपुढे ठेवण्याआधी ती दुसऱ्याच्या हाती द्यावी आणि आपण तोंड मिटून शेजारी बसावे. हे तोंड मिटणे भल्याभल्यांना जमत नाही. खेळणारा भिंतीवर डोके आपटत असतो आणि आपण ‘अरे डावीकडे, डावीकडे!’ म्हणून ओरडतो. उद्या जो अनोळखी माणूस खेळेल त्याच्या शेजारी तुम्ही असणार आहात काय? रचणाऱ्याला स्वतःच्या मॅपचा कोपरान् कोपरा ठाऊक असतो, म्हणूनच त्याला तो दिसत नाही. जिथे खेळणारा तीनदा अडला, तिथे दोष त्याचा धरू नये. तिथे एक मशाल लावावी, नाहीतर वाट रुंद करावी. निन्टेन्डोने तर नियमच केला होता की स्वतःची लेव्हल स्वतः पार केल्याशिवाय ती लोकांपुढे ठेवता येणार नाही. नियम चांगला, पण स्वतःला पार करता येणे आणि दुसऱ्याला पार करावेसे वाटणे यांत मोठे अंतर आहे.

मग अनोळखी खेळाडू आणायचे कोठून? गटागटांत दिवसातून दहा वेळा मॅपचा कोड टाकणारे आपण पाहतो. लोक त्यांना कंटाळून गट सोडतात. दिवाळीतली रीत याहून शहाणपणाची होती. आपण समोरच्या आळीतले किल्ले बघून यायचे, त्यांच्या तटाला नाव ठेवायचे किंवा तोंड भरून कौतुक करायचे, आणि मग ती मुले आपला किल्ला बघायला हटकून यायची. इथेही तेच करावे. दुसऱ्याची लेव्हल शेवटपर्यंत खेळावी आणि त्याला नेमके काहीतरी सांगावे, ‘दुसऱ्या पुलाखालचा सापळा फार लवकर दिसतो’ असे. इतक्या बारकाईने पाहणारा माणूस स्वतः काय रचतो, याची उत्सुकता समोरच्याला वाटतेच. हे काम सावकाशीचे आहे, पण असे आलेले पाच खेळाडू परत येतात. कोडाच्या भडिमाराने आलेले पन्नास परत येत नाहीत.

वेळेचाही विचार हवा. परीक्षेच्या आठवड्यात मॅप टाकणाऱ्याला मी काय म्हणू? शिवाय आपल्या अंदरमावळात किंवा पवनेच्या खोऱ्यात डोंगराआड रेंज जाते. मॅप जड असेल तर तो उतरेपर्यंत माणूस दुसरीकडे वळलेला असतो. शोभेची झाडे कमी करावीत.

शेवटी ‘सुपर मारिओ मेकर’चे पुढे काय झाले ते सांगतो, कारण ते मराठीत फारसे कोणी लिहिलेले नाही. २०२१ च्या मार्चअखेरीस त्यात नवी लेव्हल टाकणे बंद झाले. तेव्हा ज्या लेव्हल एकाही खेळाडूने पार केलेल्या नव्हत्या, त्या सगळ्या शोधून पार करायच्या, असा चंग ‘टीम झिरो पर्सेंट’ या देशोदेशीच्या हौशी खेळाडूंच्या गटाने आधीच बांधलेला होता. कोणी कुठल्या पोराने वर्षांपूर्वी करून विसरलेली लेव्हल, तिच्यात हे लोक उतरत. २०२४ च्या मार्चपर्यंत एक कठीण लेव्हल उरली, ‘ट्रिमिंग द हर्ब्ज’ नावाची, २०१७ सालची. मग तिच्या कर्त्याने कबूल केले की ती आपण हाताने पार केलीच नव्हती, यंत्राच्या साहाय्याने केली होती. नियमाप्रमाणे ती यादीतून वगळली गेली, मोहीम फत्ते झाल्याचे जाहीरही झाले. तरी खेळाडू तिला सोडीनात. ८ एप्रिलला निन्टेन्डोने सर्व्हर बंद केले. त्याच्या तीनच दिवस आधी एका खेळाडूने ती हाताने पार केली.