पत्ता देणारा राउटर एकच

पोरी, माडीवर नेट पोचत नाही म्हणून तू दुसरा राउटर आणलास हे बरं केलंस. आपलं घर जांभ्याचं, भिंती हातभर जाड. ओटीवरचा राउटर कितीही महागातला असला तरी माडीच्या मागच्या खोलीत त्याची रेंज पुरायची नाही. पण दुसरा आणून केबल खुपसली की काम झालं असं समजू नकोस. आधी एक गोष्ट मनात पक्की कर: घरात पत्ते देणारा राउटर एकच असला पाहिजे.

फोन, टीव्ही, प्रिंटर, जे काही नेटला जोडतेस त्याला राउटर एक आयपी पत्ता देतो. या कामाला डीएचसीपी म्हणतात आणि बहुतेक राउटरांमध्ये ते कारखान्यातूनच चालू असतं. दवाखान्यात दोन जण आपापल्या वहीतून नंबर देऊ लागले तर एकच नंबर दोघांच्या हातात जातो, तसं इथे होतं. कधी नेट चालतं, कधी बंद पडतं, आणि लोक कंपनीला फोन करत बसतात. म्हणून फायबरवाल्याने बसवलेला ओटीवरचा राउटर पत्ते देईल, माडीवरचा देणार नाही.

हे करण्याचा क्रम मात्र चुकवू नकोस. नवा राउटर घरच्या नेटला जोडण्याआधी एकटाच सुरू कर, लॅपटॉप केबलने त्याला लाव आणि त्याच्या सेटिंगमध्ये जा. पुष्कळ राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आपल्या ओटीवरच्याचा १९२.१६८.१.१ आहे, तर माडीवरच्याला १९२.१६८.१.२ दे. तो सुरू झाला की नव्या पत्त्यावर परत आत जा आणि मग डीएचसीपी बंद कर. ओटीवरचा राउटर पत्ते कितव्या आकड्यापासून वाटतो तेही बघून घे. १०० पासून पुढे वाटत असेल तर २ हा आकडा सुरक्षित. नवा पत्ता मार्करने राउटरच्या बुडावर लिहून ठेव. सहा महिन्यांनी पासवर्ड बदलायला जाशील तेव्हा तोच शोधत बसावं लागतं.

आता केबल. ओटीवरच्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल माडीवरच्याच्याही लॅन पोर्टमध्येच लाव. वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट रिकामं राहू दे. सेटिंग न बदलता तिथे लावली तरी सहसा नेट चालतं, आणि म्हणूनच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पण माडीवर वेगळंच नेटवर्क तयार होतं. मग वरच्या फोनवरचा व्हिडिओ खालच्या टीव्हीवर जात नाही, आणि वर ठेवलेला प्रिंटर खालच्या लॅपटॉपला दिसत नाही. तुझ्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तोच निवड. डीएचसीपी तो आपण होऊन बंद करतो आणि वॅन पोर्टही चालतं. एकच जपायचं, दोन राउटरांमध्ये दोन केबली कधी लावू नकोस. जास्त वेग मिळेल म्हणून लोक लावतात, आणि तोच तोच डेटा गोल फिरत राहून सगळं घर ठप्प होतं.

केबलीत कंजुषी करू नको. कॅट-६ घे, शुद्ध तांब्याची; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती नको. १०० मीटरपर्यंत कॅट-६ चालते, म्हणजे आपल्या घराला अंतराची काळजी नाही. क्रिम्पिंग करणाऱ्याला आठही तारा बसवायला सांग. चारच बसवल्या तर नेट येतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. आणि गोठ्याजवळच्या खोलीपर्यंत अंगणातून तांब्याची केबल ओढायचा विचार मनात असेल तर सोडून दे. आपल्याकडे मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा कशा पडतात ते तुला ठाऊक आहे. तिथे फायबरच टाक, त्यातून वीज वाहत नाही.

भिंत फोडायची नाही म्हणून रिपीटर लावतात. गरज भागते, पण एकाच बँडवर घेणं आणि देणं दोन्ही करावं लागलं तर त्याचा वेग साधारण निम्म्यावर येतो. केबल टाकणं शक्य असेल तिथे मी रिपीटर कधीच सुचवत नाही.

वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे सारखा ठेव, म्हणजे जिना चढताना फोन आपोआप वरच्याला जोडला जाईल. मात्र सुरुवातीचे चार दिवस नावं वेगळी ठेव, कुठे कुणाची रेंज येते ते कळतं. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १ नंबरचं चॅनल दे, दुसऱ्याला ६ किंवा ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ. राउटर कधी बदलायचा हे फोन स्वतः ठरवतो, आणि पुष्कळ फोन आधीच्या राउटरला चिकटून बसतात. तसं झालं तर ओटीवरच्याची प्रसारणशक्ती थोडी कमी कर. ५ गिगाहर्ट्झ जांभ्याच्या भिंतीतून फारसं जात नाही, तेव्हा माडीवरचा राउटर तिथल्या पाहुण्यांच्या खोलीतच उघड्यावर ठेव, कपाटात नको.

पाहुण्यांचं नेट वेगळं ठेवायचं आहे ना? इथे नीट ऐक. त्यासाठी लोक दुसरा, म्हणजे मागचा, राउटर वॅन पोर्टने पहिल्याला जोडून पाहुण्यांना देतात, पण ते उलट आहे. मागच्या राउटरवरून पुढच्या नेटवर्कवरची यंत्रं गाठता येतात, पुढून मागची सहसा येत नाहीत. म्हणजे तुझा कॅमेरा आणि हिशेबाचा लॅपटॉप पाहुण्यांना उघडे. ओटीवरच्या राउटरमधलं ‘गेस्ट नेटवर्क’ चालू कर. माडीवरच्यातही ती सोय असली तरी तिच्यावर आंधळा विश्वास नको. पाहुण्यांच्या नेटला एक फोन जोडून त्यावरून १९२.१६८.१.१ उघडतं का ते स्वतः बघ. उघडलं तर ती सोय बंद ठेव. दोन्ही राउटरांच्या सेटिंगचा कारखान्यातला पासवर्डही आजच बदल.

लाइट गेली की दोघांनाही बॅकअप लागतो, नाहीतर माडीवरचा चालू राहून नेट मात्र नाही. छोटा यूपीएस घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट वाच. काही १२ चे असतात, काही ९ चे.

सगळं जोडून झालं की लॅपटॉप केबलने माडीवरच्या राउटरला लावून वेग बघ आणि मग वाय-फायवर बघ. केबलवरच वेग कमी आला तर क्रिम्पिंग पुन्हा करून घे. केबलवर चांगला आणि हवेत कमी आला, तर राउटरची जागा हलव.