चेहरा ओळखीचा, औषध अनोळखी

औषधांच्या जाहिराती हा विषय आरोग्याच्या सदरात कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाने चालू गोळ्या मध्येच का सोडल्या, असे विचारले, तर "मोबाईलवर एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितले" हे उत्तर आता वरचेवर ऐकू येते. चौकशी केली तर त्या डॉक्टरांनी तसे काही सांगितलेलेच नसते. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांच्यासारखा, बोलणे मात्र भलत्याचेच! संगणकाच्या साहाय्याने केलेल्या या बनावट चित्रफितींना डीपफेक म्हणतात.

आपल्या दोन्ही तालुक्यांना जाहिरात नवी नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी देण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव कर्ण्यावरून पुकारले, की पंचक्रोशीतून बैलगाड्या निघत. नाव ओळखीचे, म्हणून माणसे येत. पुढे कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण शाळेच्या आणि चावडीच्या भिंतींवर आला. पल्स पोलिओच्या मोहिमेत अमिताभ बच्चन यांनी दूरदर्शनवरून आयांना दटावले आणि त्याचा उपयोगही झाला. २०१४ च्या मार्च महिन्यात भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्या यशात लसीबरोबर जाहिरातीचाही वाटा होता. तेव्हा जाहिरात म्हणजे फसवणूकच, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही.

फरक पडला तो दोन बाबतींत. भिंतीवरची जाहिरात सगळे गाव वाचत असे. कोणी मूळव्याधीचे हमखास औषध रंगवून गेला, तर पारावर बसलेला एखादा म्हातारा "मी घेऊन पाहिले, काही झाले नाही" असे चारचौघांत सांगे. मोबाईलवरची जाहिरात एकट्याला दिसते. घोडेगावच्या आजींनी गुडघेदुखीचा एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, की त्यांना तशाच आणखी दहा जाहिराती येऊ लागतात. शेजारी बसलेल्या नातीच्या मोबाईलवर त्यांपैकी एकही येत नाही. आजी काय पाहत आहेत, हे घरात कोणाला ठाऊकच नसते, मग हटकणार कोण?

दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. पूर्वी जाहिरातीत एखादा नट किंवा खेळाडू दिसला, तर तो निदान स्वतः तेथे उभा राहिलेला असे. आता त्याची गरज उरलेली नाही. भाषणे, मुलाखती यांची जी चित्रणे सर्वांना उपलब्ध असतात, त्यांवरून संगणक त्या व्यक्तीच्या चेहऱ्याच्या हालचाली आणि आवाजाची धाटणी उचलतो. आवाजाची नक्कल करण्यासाठी थोडेसे ध्वनिमुद्रणही पुरते. त्यानंतर हवा तो मजकूर टंकलिखित करून दिला, की ती व्यक्ती तो बोलताना दिसते.

मे २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या वतीने मुंबई पोलिसांकडे तक्रार नोंदविण्यात आली. त्यांचे नाव, छायाचित्र आणि आवाज परवानगीशिवाय वापरून चरबी कमी करण्याची उत्पादने विकली जात होती. पुढे जानेवारी २०२४ मध्ये एका खेळाच्या ॲपची भलामण करणारी त्यांची बनावट चित्रफीत फिरली, तेव्हा ती खोटी असल्याचे त्यांना स्वतः जाहीर करावे लागले. बंगळूरचे हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी यांनाही त्यांच्या नावाच्या व चेहऱ्याच्या अशा गैरवापराविरुद्ध २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागावी लागली. ज्यांच्यामागे वकील आहेत त्यांची ही कथा, मग तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांचा चेहरा उचलला गेला तर ते काय करणार?

बनावट चित्रफीत ओळखण्याच्या काही खुणा सांगतात. प, ब, म ही अक्षरे उच्चारताना ओठ मिटलेच पाहिजेत. तसे ते मिटत नसतील तर संशय घ्यावा. मराठीत तर आणखी एक सोय आहे. 'चार' मधला च आणि 'चमचा' मधला च वेगळा, हे आपल्या पोराला न शिकविता कळते, पण यंत्राची तेथे पुष्कळदा फसगत होते. 'ळ' चेही तेच. मात्र या खुणांवर फार विसंबू नये. हे तंत्र झपाट्याने सुधारत आहे आणि आज सापडणारी चूक उद्या सापडेलच असे नाही.

म्हणून चेहरा खरा की खोटा, या वादात न पडता जाहिरात कशाचे वचन देते, तेवढेच पाहावे. यासाठी एक जुना कायदा फार उपयोगी आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा हा कायदा १९५४ सालचा. त्याच्या परिशिष्टात ५४ रोग व विकार दिलेले आहेत. मधुमेह, उच्च व कमी रक्तदाब, कर्करोग, हृदयविकार, लकवा, फेफरे, संधिवात, लठ्ठपणा, मूतखडा, मोतीबिंदू, काचबिंदू, गलगंड, पांढरे डाग, क्षय, स्त्रियांचे वंध्यत्व, पुरुषांची दुर्बलता, इतकेच काय, उंची वाढविणे हेसुद्धा त्या यादीत आहे. आमचे औषध यांपैकी काही बरे करते किंवा टाळते, अशी जाहिरात लोकांपुढे करणे हाच गुन्हा आहे. ती तेंडुलकरांच्या तोंडून केली काय किंवा धन्वंतरीच्या तोंडून, त्याने काही फरक पडत नाही. आणि दूरदर्शनही भारतात आले नव्हते त्या काळी या कायद्याने जाहिरातीची व्याख्या करताना छापील कागदाबरोबरच प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही त्यात धरली. मोबाईलचा पडदा म्हणजे प्रकाश आणि ध्वनीच की! (वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिरातीही याच कायद्याखाली येतात, हे वृत्तपत्रातच लिहिलेले बरे.) पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात जे प्रकरण गाजले आणि ज्यामुळे २०२४ च्या एप्रिलमध्ये कंपनीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली, त्याच्या मुळाशी असेच दावे होते.

दुसरी कसोटी डॉक्टरांविषयीची. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदणीकृत ॲलोपॅथिक डॉक्टरांना जाहिरातीत वापरण्यासाठी कोणत्याही औषधाची शिफारस करता येत नाही. त्यामुळे पांढरा कोट घातलेले, गळ्यात स्टेथोस्कोप अडकविलेले गृहस्थ पडद्यावरून एखादी पुडी विकत असतील, तर एक तर ते डॉक्टर नाहीत, नाही तर तेथे प्रत्यक्षात कोणी नाहीच, किंवा ते आपल्या व्यवसायाचा नियम मोडत आहेत. तिन्ही परिस्थितींत पुडी घेऊ नये.

आता त्या पुडीत काय असते, ते पाहू. जाहिरातीखाली नाव आणि फोन नंबर भरला, की लगेच फोन येतो. बोलणारी व्यक्ती स्वतःला आहारतज्ज्ञ किंवा वैद्य म्हणविते, आपुलकीने चौकशी करते आणि तीन महिन्यांचा 'कोर्स' गळ्यात मारते. पार्सल घरी येते, पैसे तेव्हाच द्यायचे. वेष्टनावर हिरडा, सुंठ, अश्वगंधा अशी नावे असतात. हिरडा तर आपलाच आहे. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी बांधव दरवर्षी बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकतात. पण वेष्टनावर हिरडा लिहिला म्हणजे आत हिरडाच आहे, असे नव्हे. सांधेदुखीच्या अशा पुड्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळल्याचे तपासणीत वेळोवेळी आढळलेले आहे. स्टिरॉइडने दुखणे दोनचार दिवसांत पळते, भूक वाढते, अंगात उत्साह येतो. रुग्ण खूष होऊन शेजाऱ्यालाही पुडी देतो. काही महिन्यांनी चेहरा गोल दिसू लागतो, साखर आणि रक्तदाब चढतात, हाडे ठिसूळ होतात. याहून मोठा धोका पुढेच आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिल्याने मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवितात. अशा वेळी पुडी एकाएकी बंद केली, तर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब घसरणे असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. काही औषधांत शिसे सापडते, त्याने पोटात कळा येतात आणि पांडुरोग होतो.

मधुमेहाच्या जाहिरातीत पुडीपेक्षाही तिच्याबरोबर येणारा सल्ला अधिक घातक असतो. "गोळ्या, इन्सुलिन आजच बंद करा." ज्यांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, अशा रुग्णाने, विशेषतः मुलाने, इन्सुलिन थांबविले तर एकदोन दिवसांत रक्तात आम्ल साचून तो बेशुद्ध होऊ शकतो. प्रौढ वयात जडलेल्या मधुमेहात वजन चांगले उतरविल्यास काहींच्या गोळ्या कमी होतात, क्वचित थांबतातही, हे खरे आहे. पण ते तपासण्या करीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. 'एचबीए१सी' ही चाचणी साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते, तेव्हा १५ दिवसांत मधुमेह मुळापासून गेल्याचा दावा किती पोकळ आहे, हे वाचकांनीच पाहावे. रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या तर बरेचदा काहीच जाणवत नाही. जाणवते ते एकदम तोंड वाकडे होऊन हात लुळा पडतो तेव्हा.

तरुण मंडळी या जाहिरातींना हसतात. त्यांच्यासाठी वेगळा सापळा आहे. नाणेघाटात किंवा माळशेज घाटात काढलेल्या रिळात चेहरा फिल्टरने आपोआप उजळ आणि नितळ होतो. मग आरशातला खरा चेहरा नकोसा वाटू लागतो आणि गोरे करणारी क्रीम मागविली जाते. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका कुटुंबाची बातमी वृत्तपत्रांत आली होती. तेथे गोरेपणाच्या क्रीममधील पाऱ्यामुळे आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडे बिघडली होती. फिल्टरने उजळलेला चेहरा हे चित्र आहे, तसा चेहरा त्या मुलीचाही नसतो.

सापांचे व्हिडिओ हाही असाच करमणुकीचा मोठा विषय. त्यांत मधूनच सर्पदंशावर होमिओपॅथीचे थेंब किंवा मंत्र सुचविले जातात. आपल्या भागात हे फार महागात पडेल. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषारी सापांवर प्रतिसर्पविष हाच उपाय आहे. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांसाठी केलेले काम दोन्ही तालुक्यांना माहीत आहे. त्याचे सार इतकेच, की रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे. १०८ ला फोन करावा, मोबाईलवर उपाय शोधत बसू नये.

फसवणूक झाल्यास काय करावे? पैसे गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. औषधाच्या जाहिरातीबद्दलची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या पुणे कार्यालयाकडे करता येते. त्यासाठी जाहिरातीचे चित्र मोबाईलवर जपून ठेवावे. पार्सलचे वेष्टन, पावती आणि उरलेली पुडी फेकून देऊ नये. अशी पुडी महिनोन् महिने घेतली असल्यास ती आपल्या मनाने एकदम बंदही करू नये. पुडी बरोबर घेऊन जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे आणि ती किती दिवस, दिवसातून किती वेळा घेतली, हे डॉक्टरांना न लाजता सांगावे. त्या माहितीवरच पुढचे उपचार ठरतात.