गिरणीची लाईन खरंच वेगळी आहे का?

मैत्रिणींनो, गटातून कर्ज काढून घरगुती पिठाची गिरणी आणायची असेल, तर आधी घरातलं वायरिंग बघा. नवं बटण बसवलं किंवा नवा बोर्ड लावला, म्हणजे लाईन वेगळी झाली असं नाही.

मेन बोर्डातल्या एका एमसीबीवर जेवढं चालतं, तेवढं सगळं मिळून एक सर्किट. दोन खोल्यांचे बोर्ड एकाच एमसीबीवर असले, तरी सर्किट एकच. गिरणीला एमसीबी स्वतःचा हवा, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी तिथपासून वेगळ्या हव्यात.

हे घरीच तपासता येतं. सगळे दिवे-पंखे लावा आणि एकच एमसीबी खाली करा. गिरणीच्या प्लगबरोबर दिवेही गेले, तर लाईन वेगळी नाही.

एवढं कशाला बघायचं? 1 एचपी म्हणजे 746 वॅट. मोटर प्रत्यक्षात त्याहून जास्त वीज घेते, सुरू होताना तर काही क्षण कितीतरी पट. दिव्यांची बारीक वायर त्यानं तापते, तिचं आवरण वितळतं, आग लागू शकते. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवून घेऊ नका. तो वायरीला जपण्यासाठीच असतो.

वायरमनला स्पष्ट सांगा: 16 अँपियरचा प्लग, 2.5 चौरस मिमीची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि हिरव्या वायरीचं अर्थिंग. काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. हा खर्च गिरणीच्या किमतीत धरूनच कर्जाचा अर्ज भरा.