रानवाट राखायची कशी?



घाटातली रानवाट कुणा एकाची नसते. मोळी घेऊन बाई त्याच वाटेने उतरते. मानव विकास कार्यक्रमात मिळालेली सायकल घेऊन मुलगी त्याच वाटेने शाळेला जाते. दसरा-दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात, तेव्हा पाठीवर बिऱ्हाड घेतलेले घोडेही तिथूनच जातात. वाट बिघडली की पहिला फटका आपल्याला बसतो. पाय घसरला तर मोळी मानेवर येते, आणि पावसाळ्यात मुलीची शाळा बुडते ती वेगळीच.

वाट बिघडते कशानं?

आपण म्हणतो, घोड्यांनी वाट खराब केली, सायकलींनी केली. ते अर्धंच खरं. टाप आणि चाक माती मोकळी करतात, पण ती वाहून नेतं पाणी. ओल्या मातीत चाकाची चाकोरी पडते, तिच्यातून पाणी धावतं आणि दोन-चार पावसांत तिची घळ होते. माथेरानला पर्यटकांच्या मोटारी गावात जात नाहीत, तिथे पायी माणसं आणि घोडे यांची मोठी वर्दळ. तरीही तिथली तांबडी माती पावसात वाहून जाते आणि झाडांची मुळं उघडी पडतात. म्हणून एकच सूत्र लक्षात ठेवा: वाटेवर आलेलं पाणी लवकरात लवकर बाजूला काढायचं.

काम कसं करायचं?

कुदळ, फावडं, घमेलं आणि पहार एवढी हत्यारं पुरतात.

1. बाहेरची कड मोकळी करा. येण्याजाण्यानं वाट मध्ये खोल होते आणि दरीकडच्या कडेला मातीचा वरंबा तयार होतो. तो पाणी अडवतो. तो काढून टाका. वाटेचा उतार दरीकडे किंचित ठेवा, एक मीटर रुंदीला साधारण तीन बोटं.

2. चढावर तिरके दगड बसवा. मोठे दगड वाटेला आडवे पण तिरके, एकाला एक लावून पक्के गाडा. पाणी त्यांना अडून दरीकडे वळेल. पाणी बाहेर पडतं ते तोंड पालापाचोळ्यानं बुजतं, ते वरचेवर साफ करा. सायकल आणि घोडा जायचे असतील तर दगड फार वर काढू नका. त्याऐवजी वाटेत बशीसारखा लांबट खोलगट भाग करा आणि त्याचं तोंड बाहेर काढा.

3. उभी वाट टाळा. दहा मीटर चालल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ नसावा. पाणलोटाच्या कामात ए-फ्रेम वापरलेल्या बायका हे सहज मोजतील.

4. चिखलाला वळसा घालू नका. प्रत्येकीनं कडेनं पाय टाकला तर वाट रुंद होत जाते आणि चिखल वाढतो. तिथे सपाट दगड अंथरा. टाच रुतत असेल तर सायकलवरून उतरा आणि ती ढकलत न्या.

कधी करायचं?

मे महिन्यात तोंडं साफ करा. पहिल्या मोठ्या पावसात दोघीतिघींनी जाऊन पाणी कुठून धावतं ते बघून यावं. दुरुस्ती दसऱ्याच्या सुमारास, माती ओलसर असताना करा. तेव्हा माती चांगली दबते.

आधी कोणी थांबायचं?

जगभर बहुतेक सामायिक वाटांवर साधा नियम आहे: सायकलवाल्यानं सगळ्यांसाठी थांबायचं, पायी माणसानं घोड्यासाठी. कारण घोडा बुजतो. त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण अगदी पाठीमागचं दिसत नाही. मागून गुपचूप सायकल आली तर तो उधळतो. मुलींना सांगा: घोडा दिसला की उतरा, दरीकडच्या बाजूला सुरक्षित जागा बघून उभ्या राहा आणि घोडेवाल्याशी बोला. आवाज ऐकला की घोड्याला कळतं, हे माणूसच आहे. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला वाट द्यावी. आणि घाट उतरण्याआधी सायकलचे दोन्ही ब्रेक तपासावेत.

परवानगीचं काय?

जमीन वनखात्याची असेल तर जुन्या वाटेच्या साफसफाईआधीही वनरक्षकांशी बोला आणि ग्रामसभेत ठराव घ्या. नवी वाट किंवा रस्ता हवा असेल तर वनहक्क कायदा, 2006 चं कलम 3(2) बघा. गावाच्या सोयींसाठी एका कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडता येत नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस लागतेच. म्हणजे ग्रामसभेला बायका हजर पाहिजेत. ठराव तिथेच होतो.

बैठकीत चर्चेसाठी

- आपल्या वाटेवर पाणी कोणकोणत्या जागी साचतं किंवा धावतं? कागदावर नकाशा काढा.
- डोक्यावर मोळी असलेली बाई आणि लादलेला घोडा समोरासमोर आले तर कोणी थांबायचं? वाट रुंद कुठे आहे?
- धनगर बांधव आणि शाळेच्या मुली यांना श्रमदानाला कधी बोलवायचं?
- प्रत्येक गटाकडे वाटेचा कोणता तुकडा? इतिवृत्तात नोंद करा.