आधी पाणी, मग औषध

प्रास्ताविक

भिलाई म्हटले की पोलादाची भट्टी डोळ्यांसमोर उभी राहते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत वाढत गेली आणि देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे येऊन स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. छत्तीसगडच्या या पोलादनगरीत आज कितीतरी घरांच्या बैठकीत काचेची एक पेटी दिसते. तिच्यात रंगीत मासे संथपणे फिरत असतात.

हे मासे मूळचे उष्ण प्रदेशांतील. एंजल मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, गुरामी आग्नेय आशियातला. त्यांना साधारणपणे २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी मानवते. भिलाईत मात्र उन्हाळ्यात पारा ४४ अंशांपुढे जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. नदीतील मासा खोल पाण्यात आसरा घेऊ शकतो. पेटीतील माशाला तशी सोय नसते. म्हणून त्याच्या आरोग्याची सारी जबाबदारी पाळणाऱ्यावर येते. माशाचा आजार कसा ओळखावा आणि त्यावर कोणत्या क्रमाने उपाय करावेत, हे प्रस्तुत पाठात एका घरातील प्रसंगाच्या आधारे समजून घ्यावयाचे आहे.

एका घरातील प्रसंग

डिसेंबर महिना होता. एका घरी रविवारच्या बाजारातून एंजल माशांची एक जोडी आणली गेली. घरच्या पेटीत आधीपासून पाच मासे होते. पाहुण्यांच्या स्वागतासाठी गृहिणीने पेटी पूर्ण रिकामी केली, तळाची वाळू आणि फिल्टरमधील स्पंज नळाखाली खळखळून धुतला, नळाचेच ताजे पाणी भरले आणि नवे मासे त्यात सोडले. पेटी आरशासारखी चकाकू लागली.

गुरुवारी सकाळी मुलाने हाक मारली, "आई, माशांच्या अंगावर कुणी मीठ टाकलंय का?" एंजलच्या परांवर आणि अंगावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके उमटले होते. एक मासा वाळूवर अंग घासत होता. दोन मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवत होते. घाबरलेल्या गृहिणीने दुकानातून तीन प्रकारच्या औषधांच्या बाटल्या मागवल्या. त्या पेटीत ओतण्यापूर्वी शेजारचे काका आले. कारखान्यात तापमानाच्या नोंदी ठेवण्यात त्यांचे आयुष्य गेले होते आणि घरी मासे पाळण्याचा त्यांना दीर्घ अनुभव होता.

"ताई, बाटल्या जरा बाजूला ठेवा," ते म्हणाले. "आधी पाण्याला विचारू या, काय झालंय ते."

निदान : पाण्याची तपासणी

काकांनी प्रथम तापमापक पाण्यात सोडला. पारा १९ अंशांवर होता. पेटीत हीटर नव्हता. थंडीने माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि एरवी दबून राहणारा रोग उसळी घेतो.

नंतर त्यांनी तपासणीच्या संचाने पाण्यातील अमोनिया पाहिला. पाण्याचा नमुना पिवळा राहण्याऐवजी हिरवा झाला. अमोनिया आहे, हे स्पष्ट झाले. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्याच्या कुजण्यातून अमोनिया सतत तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात व वाळूत राहणारे उपकारक जिवाणू त्याचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करतात. नव्या पेटीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारक ठरते. म्हणजे, स्वच्छतेच्या हौसेने पेटीचे रक्षकच नष्ट झाले होते. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांनाही इजा करते. पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणाऱ्या माशांचे कारण येथे सापडले.

निदान : माशाची तपासणी

पाण्यानंतर माशाकडे पाहावे. त्याची हालचाल, भूक, श्वासाची गती, पर, खवले व डोळे यांचे क्रमाने निरीक्षण करावे. मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके हे पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे लक्षण होय. सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसली तर तो मखमली रोग असू शकतो. कापसासारखे पुंजके बुरशीमुळे किंवा जिवाणूंमुळे दिसतात. कुरतडल्यासारख्या परांचे मूळ पुष्कळदा दूषित पाण्यात असते. पोट फुगून खवले उभे राहणे हे शरीरातील गंभीर बिघाडाचे चिन्ह आहे.

कधी कधी पांढरा ठिपका म्हणजे रोगच नसतो. प्रजननकाळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढऱ्या पुटकुळ्या येतात. तो मासा पूर्ण निरोगी असतो. लक्षण पाहताक्षणी औषध ओतणारा माणूस अशा वेळी निरोगी माशालाच आजारी करतो.

रोगाचे जीवनचक्र

एंजलवरील ठिपके मात्र रोगाचेच होते. 'इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस' नावाचा एकपेशीय परजीवी माशाच्या त्वचेखाली शिरून वाढतो. तोच ठिपका म्हणून दिसतो. पूर्ण वाढल्यावर तो माशाला सोडून तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच तयार करतो. कवचाच्या आत त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले बाहेर पडतात. ही पिल्ले पोहत नव्या माशाचा शोध घेतात. एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास ती मरतात.

औषधाचा परिणाम फक्त या पोहणाऱ्या अवस्थेवर होतो. त्वचेखालचा आणि कवचातला परजीवी औषधाला दाद देत नाही. त्यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला, ही समजूत घातक आहे. उबदार पाण्यात हे चक्र साधारण आठवड्याभरात पूर्ण होते, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणूनच या रोगात तापमान हळूहळू वाढवणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

उपचार

काकांनी उपाय क्रमाने सांगितले. पेटीतील चौथा हिस्सा पाणी काढून, क्लोरीन काढलेले आणि त्याच तापमानाचे पाणी घालावे. दुकानात मिळणारे क्लोरीननाशक द्रावण त्यासाठी उपयोगी पडते. रोज नळीने तळाची घाण ओढून घ्यावी. तिच्याबरोबर कवचेही निघून जातात. हीटर लावून दोन-तीन दिवसांत तापमान ३० अंशांपर्यंत न्यावे. पेटीत हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. म्हणून एअरपंप अखंड चालू ठेवावा.

मग मिठाचा हिशेब झाला. पेटी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि पाण्याची उंची ३० सेंटिमीटर. गुणाकार ५४,००० घन सेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. वाळूने व्यापलेली जागा वजा करता पाणी सुमारे ५० लिटर. लिटरमागे २ ग्रॅम याप्रमाणे १०० ग्रॅम साधे, आयोडीनविरहित मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून दोन दिवसांत थोडेथोडे घालावयाचे ठरले. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही. म्हणून चौथा हिस्सा पाणी बदलल्यावर पुन्हा १०० नव्हे, फक्त २५ ग्रॅम मीठ घालावे. खवले नसलेल्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सहज सोसत नाही, हेही त्यांनी बजावले.

"आणि या बाटल्या?" गृहिणीने विचारले.

"गरज पडली तर एकच, तीही वेष्टनावरच्या मापानं. तिन्ही एकत्र ओतल्या असत्या, तर मासा कशानं गेला हेही कळलं नसतं."

औषध वापरताना फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा लागतो. अन्यथा तो औषध शोषून घेतो. मॅलेकाइट ग्रीनसारखी द्रव्ये माणसालाही अपायकारक असल्याने हातमोजे घालूनच ती हाताळावीत. खाण्याच्या माशांवर ती कदापि वापरू नयेत.

पहिल्या दोन दिवसांत दोन मासे दगावले. त्यांच्या कल्ल्यांना झालेली इजा भरून येण्यापलीकडे गेली होती. उरलेल्या पाच माशांवरील ठिपके आठवड्याभरात गेले. तरीही उपचार पुढे आणखी आठवडाभर चालू राहिले. नंतर कोणताही मासा विकत आणला की तो आधी वेगळ्या भांड्यात, स्वतंत्र जाळी वापरून, तीन-चार आठवडे ठेवायचा, असा त्या घराने नियम केला. भिंतीवर एक वही टांगली गेली. तिच्यात रोज सकाळचे तापमान मुलगा लिहू लागला.

समारोप

मासा बोलत नाही. तो ज्या पाण्यात राहतो, ते पाणी त्याच्या वतीने बोलते. ते ऐकण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. तापमापक, वही, थोडे गणित आणि घाई आवरण्याचा संयम एवढी सामग्री पुरते. पाहणे, मोजणे, कारण शोधणे आणि मगच उपाय करणे हा क्रम पेटीतल्या माशाला वाचवतो. गोठ्यातल्या गुरांच्या आणि घरातल्या माणसांच्या आजारातही तो विसरता कामा नये.

शब्दार्थ

परजीवी – दुसऱ्या जिवाच्या शरीरावर जगणारा जीव
कल्ले – माशाचे श्वसनाचे अवयव
निदान – रोग व त्याचे कारण ओळखणे
दाद न देणे – परिणाम होऊ न देणे

स्वाध्याय

१. स्पंज नळाखाली धुतल्यामुळे पेटीतील कोणती व्यवस्था बिघडली?
२. ठिपके गेल्यानंतरही उपचार चालू ठेवण्याचे कारण लिहा.
३. ४५ सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरलेल्या, वाळू नसलेल्या पेटीत लिटरमागे २ ग्रॅम याप्रमाणे किती मीठ लागेल?
४. 'घाईने केलेला उपाय' या विषयावर आपल्या अनुभवातील एक प्रसंग आठ-दहा ओळींत लिहा.