अभिजात इंग्रजीतील अवघड शब्द

प्रश्न : शेक्सपिअर, डिकन्स यांच्या इंग्रजीतील अवघड शब्द कसे आत्मसात करावेत? (एक वाचक, वाटूर, जि. जालना)

उत्तर : शब्दांच्या याद्या घोकण्यात वेळ जातो आणि पदरात फारसे काही पडत नाही, कारण संदर्भावाचून पाठ केलेला शब्द ओळखता आला तरी वापरता येत नाही. त्यापेक्षा मूळ ‘किंग लिअर’ आणि विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हा त्याचा अनुवाद शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरते. नाटककार देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) हे मात्र ‘ऑथेल्लो’चे रूपांतर, म्हणजे पात्रे व परिसर बदलून केलेली रचना असल्याने, रंगभूमीवर कितीही गाजलेले असले तरी, या कामी येत नाही. शेक्सपिअरमध्ये अनोळखी शब्दांहून ओळखीचेच अधिक चकवतात. ‘प्रेझेंटली’ हा शब्द त्याच्या लेखनात बहुधा ‘ताबडतोब’ या अर्थाने येतो, म्हणून सटीप आवृत्ती, म्हणजे तळटिपांत अर्थ देणारी प्रत, घ्यावी. डिकन्सच्या भाषेसाठी लॅटिन घटकांची ओळख पुरेशी फळ देते : ‘बेने’ म्हणजे चांगले व ‘मॅले’ म्हणजे वाईट हे कळले की ‘बेनेव्होलंट’ (परहितेच्छू) आणि ‘मॅलेव्होलंट’ (दुष्टबुद्धीचा) ही जोडी एकदमच उलगडते. त्याच्या कादंबऱ्यांतील घोडागाड्यांच्या नाना प्रकारांची नावे मात्र खुशाल सोडून द्यावीत.